पाय कुणीकडे करायचे?

माणसाला पाय पसरायला जागा हवी, असं सगळेच म्हणतात. पाय वर करायला किती जागा लागते, हे मात्र कुणी सांगत नाही. ते मला एकसष्टाव्या वर्षी, मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेत कळलं, आणि त्यापायी बावीस वर्षांचा शेजार मोडायची वेळ आली.

सुरुवात मोज्यांपासून झाली. दसऱ्यानंतरच्या त्या उकाड्यात एका संध्याकाळी मी मोजे काढले, तर घोट्यावर मोज्याचं नक्षीकाम जसंच्या तसं उमटलेलं. वसुधा, म्हणजे आमची सौभाग्यवती, शेजारी कोथिंबीर निवडत होती. तिने न विचारता माझ्या घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तिथेच. आम्ही दोघं त्या खड्ड्याकडे बघत बसलो. कणकेत बोट दाबलं की राहतो तसा तो राहिला, आणि मग सावकाश, माझ्यावर उपकार केल्यासारखा भरून आला. वसुधा म्हणाली, उद्या डॉक्टर. मी म्हटलं, उन्हामुळे असेल. ती म्हणाली, तुम्ही उन्हात गेलात कधी? हे खरं होतं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून मी आरामखुर्चीत बसून देशाचा कारभार पाहतो.

डॉक्टर अस्मिता यांचा दवाखाना आमच्या गल्लीच्या टोकाला नवीनच झाला होता. तिथे आत जाण्याआधी एक फॉर्म भरावा लागतो. मी चौतीस वर्षं सरकारी कार्यालयात अभिलेख शाखेत काढली. फॉर्म दिसला की माझा हात आपोआप चालतो. नाव, वय, पत्ता. पूर्वीचे आजार: निरंक. शस्त्रक्रिया: निरंक. सध्या चालू असलेली औषधे: निरंक. या एका शब्दावर माझी चौतीस वर्षं सुखाने गेली. वरून कसलंही पत्र येवो, माहिती निरंक कळवली की पुढचा माणूसही सुखी आणि आपणही. त्या दिवशीही मी सही केली, खाली दिनांक टाकला आणि कृतकृत्य होऊन बसलो.

आता वाचकांपासून काय लपवायचं? मी रोज सकाळी रक्तदाबाची एक गोळी घेत होतो. पण तिला औषध म्हणायचं माझ्या मनातही आलं नाही. मे महिन्यात घाटकोपरला एका लग्नात मला चक्कर आली, तेव्हा पंगतीत शेजारी बसलेल्या एका डॉक्टरांनी जिलबी बाजूला ठेवून ती लिहून दिली होती. पाच मिलिग्रॅमची. आमच्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे पाचाची कायम संपलेली आणि दहाची कायम शिल्लक. समोरच्या शेवंतीवहिनी तीच गोळी दहाची घेत. त्या म्हणाल्या, कशाला वणवण करता, दहाची आणा, मी कापून देते. तेव्हापासून दर रविवारी त्या अडकित्त्याने सात दिवसांच्या सात अर्ध्या गोळ्या कातरून एका जुन्या कुंकवाच्या डबीत घालून आणून द्यायच्या. गोळीला किंचित कुंकवाचा रंग लागलेला असायचा. जी गोळी अडकित्त्याने कापून कुंकवाच्या डबीतून येते तिला औषध कोण म्हणेल?

डॉक्टरबाईंनी पाय दाबले, छाती तपासली, दम लागतो का, पोटरी दुखते का, एकाच पायाला जास्त सूज आहे का, असं सगळं विचारलं. एकाच पायाला अचानक सूज आली, दुखलं, किंवा धाप लागली, तर थांबायचं नाही, तडक यायचं, असंही बजावलं. रक्त, लघवी, कार्डिओग्राम सगळं करून घेतलं. सगळं ठीक निघालं. रक्तदाब तर इतका उत्तम की मी वसुधाकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मग त्यांनी सांगितलं, सलग बसू नका, मीठ कमी करा, लोणची-पापड बंद, आणि दिवसातून तीनदा वीस-वीस मिनिटं आडवं होऊन, पाय छातीच्या वर ठेवून अंगठे हलवा. मला हसू आलं. ज्या कामासाठी आडवं व्हावं लागतं ते काम मला जमणार नाही असं वाटण्याचं काही कारण नव्हतं.

घरी येऊन मी हॉलमधल्या सोफ्यावर आडवा झालो, खाली तीन उशा घेतल्या आणि पाय वर केले. वसुधा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिथेच थबकली. माझे तळवे थेट देवघराकडे होते. मी उलटा झालो. आता ते पुस्तकांच्या कपाटाकडे झाले, आणि कपाटावर तिच्या वडिलांचा फोटो. हयात असताना मी त्यांच्यासमोर खुर्चीतसुद्धा मागे टेकून बसलो नव्हतो. मी सोफा फिरवू म्हटलं. तेवढ्यात वसुधाने बोरिवलीला व्हिडिओ कॉल लावला होता. बोरिवलीला तिची थोरली बहीण इरावती राहते. दिशा, तिथी आणि दुसऱ्याच्या नवऱ्याची तब्येत या तीन विषयांत तिचा अधिकार मोठा आहे. तिने मोबाइलमधलं होकायंत्र उघडायला लावलं आणि निकाल दिला. दक्षिणेकडे पाय नकोत, ती यमाची दिशा. पूर्वेला देव. पश्चिमेला सरस्वती आणि आमचे बाबा. उत्तरेला तुमचं दार, तिथून लक्ष्मी येते, तिच्या तोंडावर पाय कसे करता? मी विचारलं, मग उरलं काय? ती म्हणाली, खाली ठेवा. मी म्हटलं, खाली ठेवूनच ते सुजलेत.

शेवटी बेडरूम उरली. तिथे आमचं डोकं दक्षिणेला आणि पाय उत्तरेला, आणि त्या भिंतीला दार नाही, म्हणजे इरावतीच्या शास्त्रात पैकीच्या पैकी. फक्त उत्तरेला खिडकी आहे. उशांवर टिपॉय, टिपॉयवर लोड असं रचल्यावर पाय खिडकीच्या कठड्यावर पोचले, आणि थोडे पुढे सरकवल्यावर ग्रिलच्या दोन आडव्या पट्ट्यांतून अलगद बाहेर गेले. बाहेर वारा होता. इतके दिवस घुसमटलेले पाय बाहेर निघाले आणि मला खरोखर सुख झालं. सकाळी अकरा, दुपारी तीन आणि संध्याकाळी सात, असं वेळापत्रक मी लिहून भिंतीला लावलं. तीन दिवस झकास गेले. सूजही जरा उतरली.

आता भूगोल सांगायला हवा. जयवंत आणि शेवंतीवहिनी आमच्यासमोर राहतात. जिन्याच्या चौकात दाराला दार. आमची इमारत मागच्या बाजूने आत वळलेली आहे, त्यामुळे आमच्या बेडरूमची खिडकी आणि त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी यांतही जेमतेम बारा फुटांचं अंतर. त्या खिडकीच्या ग्रिलमध्ये शेवंतीवहिनींची तुळस आहे. वहिनी मूळच्या कुडाळच्या, ही तुळसही तिकडूनच मांडीवर घेऊन आलेली. बावीस वर्षं दोन्ही घरांच्या किल्ल्या एकमेकांकडे. दरवर्षी तुळशीचं लग्न मधल्या चौकात लागतं, आणि मंगलाष्टकं मी म्हणतो. आवाज मला देवाने दिलेला नाही, पण घाबरत नाही, हा गुण आहे. वहिनींच्या मते त्यांच्या तुळशीला मामाही मी, भटजीही मीच.

आणि त्या रोज संध्याकाळी बरोबर सात वाजता तुळशीपुढे दिवा लावतात.

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आडवं झाल्यावर मला आमच्या पंख्याशिवाय काही दिसत नाही. वहिनींना मात्र तीन संध्याकाळी ओळीने दिवा लावून डोळे उघडले की समोर माझे दोन तळवे दिसले. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं चुकून. दुसऱ्या दिवशी वाटलं भावोजी विसरले. तिसऱ्या दिवशी मी अंगठे हलवले. ते मी डॉक्टरांनी सांगितलेल्या व्यायामासाठी हलवले होते. त्याच दिवशी दुपारी वसुधाने डॉक्टरांच्या हुकमाने, वहिनींनी दिलेली कैरीच्या लोणच्याची बरणी आणि सांडगी मिरचीचा डबा, न उघडता, त्यांना परत नेऊन दिला होता. कारण सांगायला ती विसरली नव्हती, पण गॅसवर दूध होतं म्हणून घाईत एवढंच म्हणाली, आता हे आमच्या घरात नको.

लोणचं दुपारी आणि तळवे संध्याकाळी. एवढ्यावर महायुद्धं झाली आहेत.

दुसऱ्या दिवशी जयवंत आला. हा माणूस गिरणी कामगाराचा मुलगा, स्वतः कुरियर कंपनीत सुपरवायझर, आवाज मोठा, मन मऊ. तो दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तर नको म्हणाला. मग माझ्या पायांकडे बघत म्हणाला, "बाळ, यार, पाय जरा दुसरीकडे कर ना. ती जेवली नाही रे."

इथे मी नीट बोलायला हवं होतं. पण माणसाचे पाय सुजले की स्वाभिमानही सुजतो. मी म्हटलं, पाय माझे, खिडकी माझी, आणि हे मी हौसेने करत नाही, वैद्यकीय सल्ल्याने करतो. तेवढ्यात त्याच्या मागे वहिनी येऊन उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भावोजी, बावीस वर्सां तुम्ही तिचा लगीन लावलास," त्या म्हणाल्या. "आणि आता तिकाच पाय दाखवतास?"

मग त्यांनी कमरेला खोचलेली आमच्या घराची किल्ली काढली आणि चपलांच्या स्टँडवर ठेवली. वसुधाने आत जाऊन त्यांची किल्ली आणली आणि शेजारी ठेवली. दोन्ही दारं लागली. त्या किल्ल्या त्या दिवसापासून तिथेच पडून राहिल्या, कारण आपली आधी कोण उचलणार हा मानाचा प्रश्न होता.

रविवारी डबी आली नाही. मी सात वाजल्यापासून दारापाशी घुटमळत होतो. साडेनवाला मी दहाच्या गोळ्यांची पट्टी घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि सुरीने गोळी कापायला घेतली. पहिल्या गोळीचा एक तुकडा फ्रिजखाली गेला, तो अजून तिथे आहे. दुसरीचं पीठ झालं. तिसरी सुरीखालून अख्खी निसटली आणि आमटीत पडली. वसुधा म्हणाली, शेजारून अडकित्ता मागून आणा. मी म्हटलं, मरेन पण अडकित्ता मागणार नाही, आणि चौथी गोळी तिच्यासमोर अख्खी गिळली. वहिनी अख्खी घेतात, त्यांना काय झालं? अर्धी गोळी घेणं हे तसंही कमीपणाचंच होतं.

त्यानंतर दिवाळी आली आणि गेली. बावीस वर्षांत पहिल्यांदा आमच्या फराळाच्या ताटात त्यांची मालवणी खाजं आणि तांदळाच्या पिठाची गोड बोरं नव्हती आणि त्यांच्या ताटात वसुधाची चकली नव्हती. वसुधाने चकल्यांच्या डब्याला हात लावला नाही. मी मात्र हेरलं, की वहिनी हल्ली माझ्यावर जरा जास्तच राग काढताहेत. जिन्यात मी दिसलो की त्या जयवंतच्या मोठ्या पुरुषी चपला घालून मुद्दाम फटक फटक वाजवत जायच्या. साडी अगदी जमिनीवर लोळवत, भिंत धरून, सावकाश, म्हणजे मला जास्त वेळ ऐकू यावं म्हणून. मी हे वसुधाला सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही मनाला लावून घेता.

आणि माझे पाय मात्र दिवसेंदिवस फुगत चालले. तीन आठवड्यांपूर्वी घोट्याचं हाड निदान कुठे असेल याचा अंदाज यायचा. आता पाय सरळ खांबासारखे खाली उतरले होते. चपला होईनात म्हणून मी केयूरच्या, आमच्या चिरंजीवांच्या, कॉलेजातल्या क्रिकेटच्या बुटांना वरून कात्री लावून ते घालू लागलो. त्यांना खाली खिळे आहेत. त्यामुळे जिन्यात वहिनींची फटक फटक आणि माझी टक टक अशी जुगलबंदी चालायची. सकाळी उठलं की डोकंही जरा गरगरायचं. जितके पाय सुजत तितके मी ते जास्त वेळ वर ठेवी, आणि जितके वर ठेवी तितके ते समोरून जास्त दिसत. वसुधाने मध्ये पडदा लावला. त्यावर समोरून निरोप आला, तोंडावर पडदे ओढण्याइतकं काय केलंय आम्ही? पडदा काढला. त्यावर निरोप आला, म्हणजे परत दाखवायचेच आहेत.

प्रकरण सोसायटीकडे गेलं. नेलं कुणी ते कधीच कळलं नाही, पण आमचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश यांना प्रकरण आपणहून सापडतं. सोसायटीच्या तक्रारअर्जात चार रकाने आहेत: गळती, पार्किंग, पाळीव प्राणी आणि अनधिकृत बांधकाम. पाय कशात बसवायचे यावर कमिटीत दीड तास चर्चा झाली म्हणे. पाळीव प्राणी तीन विरुद्ध चार मतांनी फेटाळलं गेलं. मग मला लेखी नोटीस आली: "आपल्या सदनिकेच्या बाह्य भिंतीच्या पुढे काही भाग वाढवण्यात आल्याचे निदर्शनास आले असून, सदर वाढीव भाग सात दिवसांत काढून टाकावा, अन्यथा संस्था आपल्या खर्चाने तो काढेल." मी उत्तर दिलं की सदर वाढीव भाग मूळ बांधकामाचाच असून तो जन्मापासून आहे. अशा पत्रव्यवहारात मला कुणी हरवू शकत नाही.

चंद्रप्रकाश पाहणीला आले ते नेमके अशा दुपारी, की जेव्हा माझे पाय ग्रिलमध्ये अडकले होते. गेले होते सहज, तेल घातल्यासारखे. वीस मिनिटं झाल्यावर ओढले तर येईनात. पट्टी घोट्यावर रुतलेली. वसुधा आतून ओढत होती आणि मी "हळू, हळू" म्हणत होतो, तेवढ्यात हे गृहस्थ टेप घेऊन आत आले. परिस्थितीकडे त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, ठीक आहे, हलू नका, आधी माप घेतो. मग खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी भिंतीपासून अंगठ्यापर्यंत मोजलं. डावा नऊ इंच, उजवा सव्वानऊ. ते त्यांनी वहीत लिहिलं आणि माझी सही मागितली. समोरच्या खिडकीत हालचाल झाली. मला दिसत नव्हतं, पण वसुधाला दिसलं. ती म्हणाली, वहिनी बघताहेत. मी डोळे मिटून घेतले. चौतीस वर्षांच्या नोकरीत साहेबाने मला उभा केला होता, बसवला होता, बदलीची धमकी दिली होती, पण असं कधी कुणी मला मापलं नव्हतं.

पाच मिनिटांनी बेल वाजली. वसुधाने दार उघडलं तर कुणी नाही. उंबऱ्यावर खोबरेल तेलाची बाटली होती, ताटली झाकलेला बर्फाचा वाडगा होता, आणि समोरचं दार नुकतंच लागत होतं.

पाय तेलाने नाही निघाले. ते पाऊण तासाने आपोआप निघाले, कारण इतका वेळ सलग वर राहिल्यामुळे त्यांची सूज उतरली. डॉक्टरबाईंचा सल्ला किती योग्य होता ते तेव्हा पटलं. मी बाटली परत द्यायला म्हणून दारापर्यंत गेलो आणि बेल न वाजवता परत आलो. चार दिवसांवर तुळशीचं लग्न होतं. जयवंत जिन्यात भेटला तेव्हा मान खाली घालून म्हणाला, या वर्षी मंगलाष्टकं मोबाइलवर लावणार आहेत.

मला बोलावलं नव्हतं. साधी गोष्ट होती, पण मला ती लागली. मी रात्री वसुधाला म्हटलं, मोबाइलला काय कळतं? ती म्हणाली, तुम्हाला तरी काय कळतं? आणि डोळे पुसायला लागली. बावीस वर्षं संध्याकाळी पाच वाजता ती आणि वहिनी चौकात उभ्या राहून चहा पीत होत्या. गेले तीन आठवडे ती चहा ओट्याशी उभी राहून पीत होती.

दुसऱ्या दिवशी तिने मला ओढत डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी पाय पाहिले आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. रक्तदाब घेतला तर चांगलाच खाली. त्यांनी माझा जुना फॉर्म काढून वाचला आणि शांतपणे विचारलं, "काका, खरंच कुठलंही औषध चालू नाही?" मी म्हटलं, निरंक. वसुधाने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरबाईंनी पट्टी उलटून नाव वाचलं. मग त्यांनी सांगितलं की या गोळीने काही लोकांच्या घोट्यांना सूज येते, आणि मात्रा वाढली की जास्त येते. किती घेता, म्हणाल्या. मी म्हटलं, आधी अर्धी घेत होतो. मग अख्खी का केली? मी म्हटलं, अडकित्ता पलीकडे राहिला. हे वाक्य त्यांना कळलं नाही, म्हणून वसुधाने सगळं पहिल्यापासून सांगितलं. लोणचं, तुळस, किल्ल्या, चंद्रप्रकाश. बाहेर पेशंट खोळंबले होते, पण डॉक्टरबाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी त्यांनी माझा फॉर्म फाडला, नवा दिला आणि गोळी बदलून दिली. आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही, वाढवायची नाही, अडकित्ता तर नाहीच नाही, असं दरडावलं. माझ्या मुलीच्या वयाची बाई होती, पण मी मान हलवली.

आम्ही उठलो, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "त्या तुमच्या शेजारीण दहाची रोज घेतात ना? त्यांचे पाय कसे आहेत?"

मी दारातच थांबलो. जयवंतच्या चपला. जमिनीवर लोळणारी साडी. भिंत धरून सावकाश चालणं. माझ्यावरचा राग म्हणून मी जे जे मोजत होतो, ते सगळं माझ्या डोळ्यांसमोरून फटक फटक करत गेलं.

तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी आम्ही दार लावून आत बसलो होतो. चौकात रांगोळी पडली, उसाची खोपटी उभी राहिली, मजल्यावरची माणसं जमली, ते सगळं आम्हाला ऐकू येत होतं. मोबाइल लागला. पहिलं कडवं झालं, दुसरं सुरू झालं, आणि मध्येच एक बाई ठणठणीत आवाजात बोलू लागली की गुडघेदुखीने हैराण आहात का, आजच कॉल करा. चौकात कुणीतरी खुसखुसलं. जयवंत "स्किप कर, स्किप कर" म्हणत होता. मला ते सहन होईना. मी केयूरचे बूट चढवले, दार उघडलं आणि टक टक करत बाहेर गेलो.

पाटावर हळद लावलेली तुळस, तिच्यामागे नवी साडी नेसलेल्या शेवंतीवहिनी, पायांत जयवंतच्या चपला. पूजेलासुद्धा त्यांनी त्या काढल्या नव्हत्या, कारण काढल्या असत्या तर परत चढल्या नसत्या. मी काय बोलायचं ते पाठ करून आलो होतो. क्षमा, गैरसमज, वैद्यकीय सल्ला, सगळं क्रमाने होतं. पण तोंडातून एवढंच आलं:

"वहिनी, पाय दाखवा."

बावीस वर्षांच्या शेजारात, त्या घटकेला, त्या चौकात, याहून वाईट वाक्य मला सुचलं नसतं. चंद्रप्रकाशांनी खिशातला टेप चाचपला. जयवंत पुढे आला. पण वहिनी हलल्या नाहीत. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या कापलेल्या बुटांकडे बघितलं, आणि मग खुर्चीत बसून साडीची किनार वीतभर वर घेतली.

मी खाली वाकलो आणि त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला. मग उचलला. खड्डा राहिला.

"कधीपासनं?" मी विचारलं.

"उन्हाळ्यापासनां," त्या म्हणाल्या. "पाचाची धा केली, तेवापासनां. कोणाक सांगूक नाय. तुमचे वर केलेले बघून माझा मन जळत होता हां. माझे कुणीकडे वर करूचे? थयसून देव, हयसून तुळस."

म्हणजे रागाला तुळशीचं कारण होतं, पण त्यात थोडा हेवाही होता. मला फारच बरं वाटलं. वसुधा माझ्यामागे कधी आली होती मला कळलं नाही, पण आता ती वहिनींच्या शेजारी बसून, उद्या सकाळी डॉक्टर, आणि लोणच्याचं मी तुला नीट सांगायला हवं होतं गं, दूध उतू जात होतं, असं सगळं एका दमात सांगत होती, आणि दोघी रडत होत्या. लग्नात रडलेलं चालतं, म्हणून कुणी अडवलं नाही.

मुहूर्त टळत होता. मला आता सलग उभं राहणं शक्य नव्हतं, वहिनींनाही नव्हतं. जयवंतने दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या आणि मध्ये स्टूल ठेवलं. तुळस एका बाजूला, देव दोन दारांआड, दक्षिण कुठेतरी लिफ्टच्या दिशेला. मी माझे पाय स्टुलावर ठेवले. वहिनींनी अंमळ संकोचून आपले ठेवले. तळव्यासमोर तळवे आले. छातीच्या वर काही ते नव्हते, पण तेवढी सवलत डॉक्टरबाईंनी दिली असती. चंद्रप्रकाश म्हणाले, आता कुणाचे पाय कुणाकडे धरायचे?

"माझे तेंका, तेंचे माका," वहिनी म्हणाल्या. "फिटला."

मग मी मंगलाष्टकं म्हटली. सगळी म्हटली, आणि मध्ये कुणाचीही जाहिरात आली नाही. "सावधान" म्हटल्यावर सगळ्यांनी अक्षता टाकल्या, त्यातल्या निम्म्या आमच्या चार पायांवर पडल्या. चपलांच्या स्टँडवरच्या किल्ल्या वसुधाने कधी उचलल्या ते मला दिसलं नाही, पण घरी आलो तेव्हा खुंटीला वहिनींच्याच घराची किल्ली लटकत होती.

दुसऱ्या दिवशी वहिनींचीही गोळी डॉक्टरबाईंनी बदलली. तिथला फॉर्म भरताना मी मदतीला पेन उघडलं, तर त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. आठवड्याभरात माझे घोटे हळूहळू दिसू लागले. डावा आधी आला.

नवी गोळी अख्खीच घ्यायची होती, त्यामुळे डबीचं काम संपलं होतं. तरीही रविवारी सकाळी सात वाजता बेल वाजली. दारात वहिनी, स्वतःच्या चपला घालून, हातात कुंकवाची डबी.

"कापूक काय नव्हता," त्या म्हणाल्या. "म्हणान सुपारी कातरलंय."

मी डबी उघडली. सात दिवसांच्या सात चिमट्या, मोजून ठेवलेल्या. मी आरामखुर्चीत बसलो, पाय वर केले आणि त्यातली पहिली तोंडात टाकली. सुपारीत मीठ नसतं.